मशीनला मालवणी शिकवणारा दिगंबर

दिगंबर माणसाशी बोलताना तोंडाकडे बघायचा नाही, गळ्याकडे बघायचा. तुम्ही बोलायला लागलात की त्याची नजर हनुवटीखाली घसरायची आणि तिथेच चिकटून राहायची. बायकांच्या गळ्याकडे असं बघणारा माणूस मालवणात एरवी एक दिवस टिकला नसता. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, "काय रे, माझ्या गळ्यात काय बघतस? सोन्याची माळ शोधतस?"

"आवाज कुठून निघतो ते बघतोय, काकू," तो म्हणाला. "तुमचा फार खालून निघतो. सुंदर."

चाळीस वर्षं मी मालवणच्या बाजारात मासळी विकली. माझ्या आवाजाला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली. सुंदर कोणी म्हटलं नव्हतं. मी त्याला पडवी आणि मागची खोली भाड्याने दिली आणि सांगितलं, काकू नाही, काकी म्हणायचं.

तो पुण्याच्या एका कंपनीत इंजिनियर होता. त्याची कंपनी टेलिफोनवर माणसाचं बोलणं समजणारं मशीन बनवत होती. म्हणजे सिलिंडर हवा म्हणून तुम्ही फोन करायचा. पलीकडे माणूस नाही, मशीन. ते विचारणार, तुम्ही सांगणार, ते समजून घेणार आणि तुमचा सिलिंडर लिहून ठेवणार. मोबाइल तेव्हा नुकते आले होते आणि तेही टेकडीवर चढल्याशिवाय लागत नसत. हे ऐकून आम्ही हसलो. माझी शेजारीण पार्वती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या घोवाक तीस वर्षात माझा बोलणा कळाक नाय. मशीनाक काय कळतला?"

मशीनला पुण्याचं मराठी येत होतं, आमचं येत नव्हतं. एक गॅस कंपनी कोकणातलं काम द्यायला तयार होती, पण अट अशी की मालवणी माणूस घरात बोलतो तसा बोलला तरी मशीनला कळलं पाहिजे. ते शिकवायला दिगंबर आला होता. आठ महिने शिकवायचं, मग परीक्षा. मशीन पास झालं तर काम मिळणार, नापास झालं तर दिगंबरची नोकरी जाणार. हे त्याने मला आल्या आल्याच सांगितलं, जरा सर्दी झाली आहे म्हणून सांगावं तसं.

शिकवायचं म्हणजे शेकडो माणसं गोळा करायची, त्यांना फोनमध्ये बोलायला लावायचं आणि ते सगळं कॉम्प्युटरात साठवायचं. त्याला शांत जागा हवी होती. माझ्या घरात मागे बिनखिडकीची एक खोली आहे, माझी तिन्ही पोरं तिथे जन्मली. दिगंबर आत गेला, एक टाळी वाजवली, ती ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "घुमतंय." भिंतींना गोधड्या टांगल्या. तरी घुमतंय. शेवटी माझ्या थोरल्याने होडीवरची जुनी जाळी आणून दिली, ती गोधड्यांवर थरावर थर लावली. घुमणं थांबलं. वास मात्र असा सुटला की आत बसलेला माणूस मुद्द्याचं तेवढंच बोलून बाहेर यायचा. दिगंबरला वासाचं काही नव्हतं. त्याला नाक नव्हतंच बहुतेक, नुसते कान होते.

पुरुष आधी आत जाईनात. "बाळंतिणीच्या खोलयेत आमी कित्याक जाव?" म्हणाले. मी म्हटलं, "जयसून भायर इलास थय परत जावक लाज कसली?" शेवटी सगळेच बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलेले. मग गेले.

सुरुवातीला त्याला बाहेरचा एकही आवाज चालायचा नाही. कावळा ओरडला की हातातलं टाकून बाहेर धावायचा. माझ्या कोंबडीसमोर हात जोडून उभा असलेला मी त्याला पाहिला आहे. पार्वतीचा मिक्सर लागला की कुंपणावरून म्हणायचा, "काकी, पाचच मिनिटं." आणि मग एके दिवशी त्याला काय झालं देव जाणे, सकाळी उठून म्हणाला, "चुकलो. लोक फोन करतील तेव्हा मिक्सर चालूच असणार. मिक्सर पाहिजे." त्यानंतर तो पार्वतीकडे जाऊन मिक्सर लावायला सांगू लागला. तिने एका आठवड्यात चार नारळांची चटणी वाटली आणि सगळ्या आळीला पोचवली.

माणसं त्याला तोंडाने ओळखता येत नसत. एकदा बाजारात मी त्याच्या अगदी समोर उभी राहिले, तो मला चुकवून पुढे गेला. मी म्हटलं, "मेल्या, डोळे फुटले काय?" तसा वळला आणि आनंदाने म्हणाला, "काकी, तुम्ही!" त्याच्या वहीत प्रत्येक माणसाला नंबर होता. वाटेत कोणी खोकलं तरी हा म्हणायचा, "हे सत्तेचाळीस." आणि सत्तेचाळीसच असायचा.

खरी गंमत होय आणि नाही वरून झाली. मशीन शेवटी विचारायचं, "बरोबर आहे का? होय किंवा नाही म्हणा." आमच्याकडे सरळ होय म्हणायची पद्धत नाही. कोणी म्हणे "मगे?", कोणी "तर काय", कोणी "तुका काय वाटता?" एक म्हातारा नुसता मान हलवायचा. दिगंबर त्याला म्हणाला, "आजोबा, मशीनला मान दिसत नाही." म्हातारा म्हणाला, "मगे तेका सांग, मी मान हलयलंय." पंधरा दिवस दिगंबरने नुसते होय गोळा केले. बत्तीस प्रकारचे निघाले. रात्री जेवताना वही काढून मला वाचून दाखवायचा, जसं काही कोणी पोथी वाचावी.

मग ग्राहकाचं नाव. गॅस नवऱ्याच्या नावावर. आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मशीन विचारतंय नाव सांगा, बाई म्हणते, "आमच्या थोरल्याचो बापूस." मशीन म्हणतंय समजलं नाही. बाई म्हणते, "अगो, तो नाय, उंच, काळो." दिगंबरने तीन दिवस डोकं धरलं, मग पुण्याला फोन करून साहेबांशी भांडला आणि नाव काढूनच टाकलं. आता मशीन काम विचारणार, मग गाव विचारणार, मग ग्राहकाचा नंबर. नंबर घ्यायला कोणाला लाज नाही.

असे आठ महिने गेले. तो गावोगाव हिंडला, कुणकेश्वरला तर तीन वेळा गेला. बारीक झाला. मशीनला आता पार्वती कळायची, मी कळायचे, दात नसलेला म्हातारासुद्धा कळायचा. मी एकदा मुद्दाम तोंडात पान ठेवून बोलले, तरी कळलं. परीक्षेचा दिवस ठरला. वीस माणसांनी फोन करायचे, त्यातले पंधरा मशीनला कळले तर पास. एका फोनात तीनदा नाही कळलं की तो गेला. त्या दिवशी दिगंबरने कोणाला काही शिकवायचं नाही, फोन करणाऱ्यांना भेटायचंसुद्धा नाही, असा नियम होता. बहुतेकांच्या घरी फोन नव्हते, त्यामुळे नाक्यावरच्या बाबल्याच्या बूथवरून एकामागून एक फोन लावायचे ठरलं. विसावा नंबर माझा.

परीक्षेच्या दिवशी माझ्या पडवीत कंपनीचे मोठे साहेब आणि गॅस कंपनीचे दोघे येऊन बसले. सोलकढी दिली, ती प्यायले. कॉम्प्युटरला स्पीकर लावला होता. दिगंबरने दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले होते. फोन वाजला. पहिली पार्वती.

"नमस्कार. आपले काम सांगा," मशीन बाईच्या आवाजात म्हणालं.

आणि स्पीकरमधून पार्वतीचा आवाज आला, "नमस्कार महोदया. माझ्या निवासस्थानी इंधनवायूच्या नळकांड्याची आवश्यकता उद्भवली आहे."

मला वाटलं, बाईच्या अंगात वारं आलं.

"क्षमा करा, समजले नाही. आपले काम सांगा."

पार्वतीने तेच पुन्हा सांगितलं, जास्त सावकाश आणि जास्त वर नाक करून. तीनदा झालं, फोन गेला. दुसरा फोन पांडू खलाशाचा. ज्या पांडूच्या तोंडातून शिवी दिल्याशिवाय शब्द सुटत नाही, तो म्हणाला, "महोदया, कृपया माझ्या विनंतीचा स्वीकार व्हावा." गेला. तिसरा तसाच गेला. मशीनला पुण्याचं मराठी ठाऊक होतं, आमचं मालवणी ठाऊक होतं. मालवणी गळ्यातून निघालेलं हे भाषण त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. गॅसवाल्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं. दिगंबर पांढरा पडला होता. त्याला उठता येत नव्हतं, नियम होता.

मला कसला नियम? मी म्हटलं, "मासे घेवन येतंय," आणि मागच्या दाराने निघाले. त्या वयात मी पळाले नाही, पण लोकांना बाजूला व्हावं लागलं.

बूथसमोर रांग. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, डोक्यात अबोलीच्या वेण्या. पुरुषांनी दाढ्या केलेल्या, शर्टांना इस्त्री. फोनवर बोलायला. आणि फोनशेजारी स्टुलावर आमचे निवृत्त गुरुजी, हातात कागद, चौथ्या माणसाच्या कानात सांगत होते, "आवश्यकता. श्य. श्य म्हण." मी पोचेपर्यंत चौथाही गेला.

"काय चल्लाहा हयसर?" मी विचारलं.

"शेवंती, मुंबई-पुण्याचे साहेब ऐकतायत," गुरुजी म्हणाले. "आपल्या दिगंबराची मान खाली जायला नको. दोन दिवस तालीम घेतोय मी सगळ्यांची. तू त्याच्या घरातली, म्हणून तुला सांगितलं नाही."

"मान? तेची नोकरी घालवक बसलास तुमी. चार गेले, आणि फक्त एक चुकाक मिळतलो. गुरुजी, घरात गॅस संपलो की तुमी काय म्हणतास?"

"मी म्हणत नाही. आमची ही म्हणते."

"काय म्हणता ती?"

गुरुजींनी हातातल्या कागदाकडे बघितलं. त्यांच्याच शेजारचा बाळा मागून म्हणाला, "मी सांगतंय. ती म्हणता, गॅस संपलो, पेपर काय वाचीत बसलास, उठा."

रांग हसली. मी गुरुजींच्या हातातला कागद घेतला, चार तुकडे केले आणि सांगितलं, "तसा बोला. सगळ्यांनी. जो महोदया म्हणतलो तेका उद्यापासून माझो झील मासळी देवचो नाय."

पाचवी बाई फोनवर गेली. "गॅस संपलो गो बाय. दोन दिस चुलीर रांधतंय, धुरान डोळे गेले." आणि फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "नवीन सिलिंडर. आपल्या गावाचे नाव सांगा." रांगेत जो आवाज उठला तो बंदरापर्यंत गेला असेल. बाबल्याने खडूने फळीवर एक रेघ मारली.

सहावा, सातवा, आठवा. रेघा वाढत होत्या. कोणी मशीनला मुलीच्या लग्नाचं सांगितलं, कोणी दम दिला, पांडूचा भाऊ तर शिवी देऊनच सुरू झाला, सगळ्यांचे सिलिंडर नोंदले गेले. गुरुजीसुद्धा बायकोच्या आवाजात म्हणाले, "गॅस संपलो," आणि कळलं म्हटल्यावर लहान मुलासारखे हसले. मग चौदावी आली ती म्हातारी बायो. मशीनने गाव विचारलं. बायो म्हणाली, "माझा कशाक? आधी तू सांग, तू कोणाची गो? खंयची?" मशीनने पुन्हा विचारलं. बायो म्हणाली, "जी आपला गाव सांगना नाय तिका मी माझा सांगूचंय नाय." तीनदा झालं, फोन गेला. बायोला वाटलं तीच जिंकली.

आता एकही चुकायला नको होता. पंधरावा, सोळावा, सतरावा, अठरावा. एकोणिसावा अडखळला, तिसऱ्या वेळी नंबर बरोबर सांगितला. फळीवर चौदा रेघा. मी फोन घेतला. हात पदराला पुसला.

"गॅस संपलो," मी म्हटलं.

"नवीन सिलिंडर. आपल्या गावाचे नाव सांगा."

"मालवण."

नंबर सांगितला. चांगला मोठ्याने.

"आपले गाव मालवण. बरोबर आहे का? होय किंवा नाही म्हणा."

आणि माझी जीभ. "मगे, मुंबय काय?" मी म्हणाले.

मशीन गप्प झालं. मागे बाबल्या खडू उचलून उभा. मी मनात म्हटलं, शेवंती, पोराचा घास काढलास.

"धन्यवाद," मशीन म्हणालं. "आपला सिलिंडर नोंदवला आहे."

बाबल्याने रेघ मारली नाही, फळीच उचलली आणि नाचायला लागला. मी मोठ्याने हसले, कोणाला तरी मिठी मारली, बहुतेक गुरुजींना. घरी आले तर पडवीत साहेब दिगंबरचा हात हलवत होते. मोठ्या साहेबांनी विचारलं, "पण पहिल्या चौघांना काय झालं होतं?" दिगंबर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तेंका सर्दी झालेली." साहेबांनी लिहून घेतलं.

ते दुपारीच निघाले. जाताना म्हणाले, इथलं काम संपलं, दिगंबर, सोमवारी पुण्याला हजर व्हा, आता विदर्भात जायचं आहे. आळीतली माणसं येऊन त्याच्या पाठीवर थापा मारून गेली. घर रिकामं झालं. मी भांडी आवरून, त्याला जेवायला बोलवायला मागच्या खोलीकडे गेले. दार अर्धं उघडं होतं. तो जाळ्यांच्या मध्ये माझ्याकडे पाठ करून बसला होता, कानाला फोन, आणि स्पीकर चालूच राहिला होता.

"आपल्या गावाचे नाव सांगा," मशीन म्हणालं.

"मसुरे," तो म्हणाला. अगदी हळू, पुस्तकात वाचल्यासारखं.

"क्षमा करा, समजले नाही. आपल्या गावाचे नाव सांगा."

त्याने फोन दुसऱ्या कानाला घेतला. "मसुऱ्याचो," तो म्हणाला. "मी मसुऱ्याचो." मग मशीनने नंबर विचारला, तो त्याने माझाच सांगितला.

"आपले गाव मसुरे. बरोबर आहे का? होय किंवा नाही म्हणा."

तो काहीच बोलला नाही. बत्तीस प्रकारचे होय गोळा केलेला माणूस. मशीनने पुन्हा विचारलं, तो बसून राहिला. तिसऱ्यांदा विचारलं आणि फोन ठेवून दिला.

मी आत गेले आणि समोर बसले. "खराच काय?"

तो गळ्याकडे बघत नव्हता, कुठेच बघत नव्हता. म्हणाला, "मी चार वर्षांचा असताना बाबांनी गाव सोडलं. घरावरून काकाशी भांडण झालं. परत त्या गावचं पाणी पिणार नाही म्हणाले. घरात मालवणी बोललेलं चालायचं नाही. शाळेत विचारलं तर पुण्याचे म्हणून सांगायचं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाकी सगळ्या गावांना तो स्वतः गेला होता. मसुऱ्याला मात्र त्याने माझ्या थोरल्याला आवाज टिपायचं मशीन घेऊन पाठवलं होतं.

"त्यात एक एकशे ब्याऐंशी नंबर आहे," तो म्हणाला. "आडनाव आमचंच. आवाज बाबांसारखा आहे, काकी. अगदी तसाच."

"काय बोललो तो?"

"यादीतलंच. गॅस संपलो. होय. नाही. एक ते दहा आकडे." मग म्हणाला, "रोज ऐकतो."

मला रडणारी माणसं आवडत नाहीत, आणि तो रडतही नव्हता. म्हणून मी सरळ सांगितलं, "आकडे ऐकान काय व्हता? पंधरा-वीस किलोमीटरवर जितो माणूस आसा. जेव, आणि साडेतीनची मसुऱ्याची गाडी धर."

"तिथे जाऊन सांगू काय?"

"तुका सांगूचा लागूचा नाय. तेच इचारतले, कोणाचो रे तू. बापसाचा नाव सांग आणि गप रव."

तो जेवला. दोनदा भात घेतला. स्टँडपर्यंत मी त्याच्याबरोबर गेले, कारण मला तशीही त्या बाजूला सुकी मासळी द्यायची होती. वाटभर तो ओठांतल्या ओठांत बापाचं नाव म्हणत होता. गाडी लागलेली होती. तो खिडकीशी जाऊन बसला. कंडक्टर गाडी सुटायच्या आधीच तिकिटं फाडत आला, त्याच्यापाशी थांबला आणि म्हणाला, "खंय?"

"मसुरा," दिगंबर म्हणाला, पुस्तकातलं मसुरे नाही, आम्ही म्हणतो तसं.

कंडक्टरने वर न बघता तिकीट फाडून त्याच्या हातात ठेवलं आणि पुढच्या बाकाकडे गेला.